पूल घेतला

सरपंचाचा फोन आला तेव्हा मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात डबा उघडून बसले होते. सरपंच माझा चुलतभाऊच लागतो, तोही लांबचा, आणि वयानं माझ्याहून धाकटा. पण खुर्चीवर बसल्यापासून त्याला सगळं गाव सरपंच म्हणतं, म्हणून मीही म्हणते. फोनवर तो कधी हॅलो म्हणत नाही, सरळ विषयालाच हात घालतो.

"ताई, पुलाच्या तोंडाला तात्यांचं स्मारक करायचं ठरलंय. दगड सांगितलाय. त्यावर काय लिवायचं ते तू लिवून दे."

"मी?"

"मग काय मी लिवू? बी.ए. मराठी तू हायस."

आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. हे मी न विचारताही सांगते, लोकांना आवडो न आवडो. माझं पदवीचं सर्टिफिकेट वडिलांनी फ्रेम करून बाहेरच्या सोप्यात देवांच्या ओळीत लावलंय आणि दसऱ्याला देवांबरोबर त्यालाही हार पडतो. तरीपण इतक्या वर्षांत त्या पदवीला गावानं काही काम सांगितलं नव्हतं. ऑफिसात मी हजेरी आणि पगार बघते, त्याला मराठी लागत नाही. त्यामुळे सरपंचाचा फोन ठेवल्यावर भाकरीचा घास जरा जास्तच गोड लागला, हे कबूल करते.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेकडच्या एका नदीवरच्या पुलावर गेले. मी त्यांना फक्त फोटोत बघितलंय. मिशी नुकती फुटलेली, आणि फोटोग्राफरनं सांगितलं असेल म्हणून छाती पुढं काढलेली. त्यांची गोष्ट मात्र गावातल्या प्रत्येकाला पाठ आहे. पंधरा ऑगस्ट असो नाहीतर सव्वीस जानेवारी, शाळेत झेंडा वर गेला की गुरुजी उभे राहायचे आणि सांगायचे, आपल्या गावच्या वीरानं शत्रूचा पूल उडवला. 'उडवला' म्हणताना ते दोन्ही हात वर फेकायचे आणि आम्ही पोरं टाळ्यांनी पटांगण दणाणून सोडायचो.

आणि आता गावाला स्वतःचा पूल झाला होता. आमचं गाव दूधगंगेच्या काठावर. आजवर होता तो नुसता बंधारा. पावसाळ्यात त्याच्यावरून पाणी गेलं की पलीकडचं गाव परदेश व्हायचं. तिकडं दिलेल्या लेकी तिकडंच, इकडचं दूध इकडंच. उंच पूल मंजूर झाला तेव्हा मी शाळेत होते. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरनं तो घेतला आणि खांब उभे करून निघून गेला. दुसऱ्यानं घेतला, त्यानं खांबांच्या सळ्या गंजलेल्या बघितल्या आणि तोही गेला. कावळ्यांची मात्र बसायची सोय झाली. तिसऱ्यानं घेतला तोही मध्ये बराच काळ गायब होता, पण परत आला आणि पूल पुरा केला. 'पूल कुणी घेतलाय?' हा आमच्या पारावरचा हवापाण्याचा प्रश्न होता. आमच्याकडं काम मिळवलं की 'घेतलं' म्हणतात. अमक्यानं रस्ता घेतला, तमक्यानं गटर घेतली. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ ह्या एका शब्दाचा आहे.

तर त्या तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टरनंच सरपंचाला म्हटलं होतं, पुलाच्या तोंडाला तुमच्या जवानाचा दगड मी बसवून देतो. लोकांच्या शिव्या खाऊन कंटाळला असावा. गावानं लगेच हो म्हटलं.

मी दोन रात्री खपून मजकूर केला. 'शत्रूचा अभेद्य सेतू क्षणार्धात उद्ध्वस्त करून रणांगणी देह ठेवणाऱ्या या नरवीरास समस्त ग्रामस्थांचे शतशः वंदन.' सेतू, क्षणार्धात, रणांगणी. कॉलेजात शिकलेलं सगळं एका ओळीत बसवलं होतं. मला तो इतका आवडला की रविवारी गावाला गेले आणि आधी घरात न जाता तशीच गोठ्यात शिरले, कारण मोठी आई त्या वेळी धारा काढत असते.

मोठी आई म्हणजे तात्यांची बायको, माझी थोरली चुलती. लग्न झालं आणि तात्या परत पलटणीत गेले ते गेलेच. मूलबाळ नाही. माहेरचे न्यायला आले होते, ती गेली नाही. माझ्या वडिलांना तिनं दिरापेक्षा लेकासारखं वाढवलं आणि आम्हाला नातवंडांसारखं. दहावीनंतर घरात माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा शेणाचे हात न धुता ती सोप्यात येऊन उभी राहिली आणि पाव्हण्यांसमोर म्हणाली, "पोरगी शिकायची हाय अजून. चा घ्या आनि जावा." पाव्हणे चहा न घेताच गेले.

मी मजकूर वाचला. ती म्हशीच्या कासेशी बसलेली, तोंड दुसरीकडं.

"परत वाच."

परत वाचला.

"त्ये उद्ध्वस्त का काय, म्हंजे काय?"

"म्हणजे उडवला."

चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज थांबला. म्हशीनं मागं वळून बघितलं.

"कुनी सांगिटलं तुला?"

"सगळं गाव सांगतंय की. गुरुजी दर वर्षी सांगायचे."

"गुरुजी गेलते व्हय लढाईला?"

तिनं चरवी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले.

"ह्येंनी पूल उडवला न्हाई. घेतला. उडवनार हुती ती पलीकडची मान्सं. ह्येंनी उडवू दिला न्हाई."

मी चाळीशीला आले, पण हे तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिनं लपवलं होतं असंही नाही. मी म्हटलं, "इतकी वर्षं बोलली का न्हाईस?" तर म्हणाली, "एकदा सांगून झालं. परत इचारलं कोन? समदी सांगायलाच येत्यात."

तात्या गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांच्या पलटणीतला एक सोबती घर शोधत आला होता. निपाणीच्या पलीकडचा, घरात कानडी बोलणारा. मराठी त्याला येत होतं, पण कामापुरतं. सोप्यात घोंगड्यावर बसला, भाकरीचा तुकडा मोडला आणि जेवढे शब्द जवळ होते तेवढ्यांत त्यानं सगळं सांगितलं. शत्रू मागं सरकत होता. जाता जाता पूल उडवायचा म्हणून त्यानं खाली सुरुंग बांधले होते. पूल गेला असता तर आपलं सगळं सैन्य अलीकडच्या काठावर अडकून पडलं असतं. म्हणून उजाडायच्या आत ही मंडळी पुलावर धावली. पुढं जे धावले त्यांत तात्या. सुरुंगाच्या तारा तोडल्या. पुलाच्या मधोमध तात्यांना गोळी लागली. आणि दुपारी त्याच पुलावरून आपल्या गाड्या पलीकडं गेल्या.

"'पूल घेतलं आमी, अक्का. तुमचा मालक घेतलं. उडवू दिलं न्हाई.' असं म्हनला त्यो," मोठी आई म्हणाली. "मी इचारलं, गाड्या गेल्या, मान्संबी जात्यात काय त्याच्यावरनं? त्यो म्हनला, पोरं, बाया, बैलगाड्या, समदी जात्यात. मग मी त्येला ताक दिलं."

ती पुन्हा म्हशीखाली बसली. पण धार काढायला लागली नाही.

"मला काय ऱ्हायलं गं त्येंचं? त्यो एक पूल ऱ्हायला. आनि त्योबी तुमी भाषनात दर साली उडवतायसा." मग म्हणाली, "दगडावर उडवला लिवलंस तर मी येनार न्हाई. तुमचा दगड, तुमी बसवा."

ती म्हणाली म्हणजे ती येणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पाव्हणे चहा न घेता गेले होते.

मी तिथंच पिशवीवर बसून मजकूर फाडला आणि नवीन शब्द शोधायला लागले. आता प्रश्न फक्त एका क्रियापदाचा होता आणि क्रियापदं माझ्याकडं भरपूर होती.

"काबीज केला, असं लिहू?"

"काबीज? तलाठी म्हनतोय त्यो कब्जा न्हवं? न्हाय. आपली आनि वरच्या आळीची बांधाची केस चालली हुती तवा ऐकलाय त्यो शब्द. नको."

"जिंकला?"

"जिकत्यात इलेक्शन."

"हस्तगत केला?"

तिच्या तोंडावर जे आलं ते बघून मीच तो शब्द मागं घेतला.

"अगं, घेतला लिव की सरळ. त्या बिचाऱ्यानं कानडी मान्सानं आपल्या मराठीत शोधून एक शब्द आनला. त्यो तुला फुडं ढकलायला काय झालं?"

मी 'घेतला' लिहिलं. खरं सांगायचं तर माझा जीव थोडा खट्टू झाला. बी.ए. करून काय लिहिलं, तर 'पूल घेतला'.

बुधवारी ग्रामपंचायतीत बैठक होती, मी अर्धी रजा टाकून गेले. सरपंच, दोन-चार मेंबर, आणि गुरुजी. गुरुजी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, कानाला मशीन आलं, पण पांढरी टोपी आणि आवाज तसाच. मी मोठ्या आईनं सांगितलेलं सगळं सांगितलं आणि मजकूर वाचला. 'यांनी पूल घेतला.'

मग मागच्या बाकावरून एक मेंबर म्हणाला, "कितीला?"

सगळी खोली हसली. सरपंचही हसला, मग माझ्याकडं बघून हसणं गिळलं.

"ताई, रागावू नको. पर इचार कर. एका बाजूला कॉन्ट्रॅक्टरचा बोर्ड, त्याच्या शेजारी तात्यांचा दगड, आनि त्यावर लिवलंय पूल घेतला. वाटंनं जानारा पावना म्हनंल, वा, गड्यानं टेंडर भरलं आनि गेला."

"हसायला काय झालं?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "त्यांना गोळी लागलीय त्या पुलावर."

हसणं थांबलं. गुरुजींनी कानातलं मशीन नीट केलं.

"पोरी, हे असंच झालं होतं," ते म्हणाले. "मी गावात नवीन होतो. तुझ्या चुलतीनंच सांगितलं होतं मला, घेतला म्हणून. पहिल्या झेंडावंदनाला मी तसंच म्हणालो. चौथीतलं एक पोरगं उठलं आणि विचारलं, गुरुजी, केवढ्याला घेतला? सगळी शाळा हसली. हुतात्म्याच्या नावावर पोरं हसतात म्हणजे काय. पुढच्या वर्षी मी उडवला म्हणालो. टाळ्या पडल्या. मग तेच चालू राहिलं." ते टोपी काढून मांडीवर ठेवत म्हणाले, "माझ्या डोक्यात कधी आलं नाही की घरात ऐकणारं एक माणूस हाय."

मला त्यांचा राग येईना. पोरांनी हसू नये म्हणूनच त्यांनी ते केलं होतं. मीही तेच करायला गेले होते, फक्त माझ्याकडं 'उडवला'ऐवजी 'हस्तगत' होता.

"घेतला एवढंच वाक्य लंगडं पडतंय," मी म्हणाले. "म्हणून हसू येतंय. घेतल्यावर काय झालं ते पुढं लिहिलं तर कुणी हसणार न्हाई. 'यांनी पूल घेतला. पूल उभा आहे.'"

हे मला तिथल्या तिथं सुचलं आणि चांगलं सुचलं, हे माझं मलाच कळलं. कॉलेजात आमचे एक सर सांगायचे, वाक्य अडलं तर शब्द बदलू नका, पुढचं वाक्य लिहा. त्या खोलीत त्या दिवशी मला माझी पदवी वसूल झाल्यासारखी वाटली.

पण सरपंच सरपंच आहे. "उभा हाय कशावरनं?" तो म्हणाला. "पन्नास वर्सं झाली. नदीचं नाव म्हायती न्हाई."

ते खरं होतं. त्या सोबत्यानं सांगितलेलं नदीचं नाव मोठ्या आईच्या तोंडात जे बसलंय ते कुठल्याच नकाशात सापडत नाही. मी आधीच शोधून बघितलं होतं. तिकडं नद्याही ढीगभर आणि पूलही. तो पूल पाडून नवा बांधला असला तर दगड खोटा पडणार. आणि उद्या कुणी शहाण्यानं मोबाईल काढून ते सिद्ध केलं तर मोठ्या आईला काय सांगायचं?

गुरुजींनी मांडीवरची टोपी परत डोक्यावर चढवली. "राखला," ते म्हणाले.

"काय?"

"पूल घेतला. पूल राखला. रात्री आपण शेत राखतो, तेव्हा ते जन्मभर पिकत राहील असं म्हणतो काय? डुकरं शिरू दिली न्हाईत, एवढंच म्हणतो. त्यांनी त्या दिवशी राखला. पुढं कुणी पाडला, बांधला, ते ज्याचं त्याला."

ज्यानं 'कितीला' विचारलं होतं तो मेंबर म्हणाला, "बास. हेच लिवा." आणि स्वतःच उठून चहा सांगायला गेला.

तरी सरपंचाचं तोंड उतरलेलंच. मला बाहेर घेऊन म्हणाला, "ताई, वाक्य झकास हाय. पर दगड देनारा कॉन्ट्रॅक्टर. त्येनं पूल घेतला आनि पळून गेलता, हे सगळ्यास्नी म्हायती. आता शेजारीच आपन लिवनार, यांनी घेतला आनि राखला. म्हंजे तू न्हाई राखलास, असंच की. भर चौकात दगडावर टोमना. त्येनं दगड माघारी नेला तर?"

"मग त्यालाच विचारू," मी म्हणाले.

"तू इचार. माझ्या तोंडातनं न्हाई निघायचं."

आम्ही पुलावर गेलो. कॉन्ट्रॅक्टर कठड्याला रंग देणाऱ्या गड्यांच्या मागं उभा होता. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, बुटांवर सिमेंट. सरपंचानं हवापाणी काढलं, ऊस कधी जायचा ते काढलं, मग माझ्याकडं बघून खोकला. मी मजकूर हातात दिला.

त्यानं वाचला. परत वाचला. कागद वाऱ्यानं हलत होता म्हणून कठड्यावर ठेवून हातानं दाबला.

"ताई, हे मला लिवलंय काय?"

"न्हाई. आमच्या तात्यांना लिवलंय."

"पर मला बसतंय की."

"तुम्हाला बसावं म्हणून न्हाई लिवलं. बसत असलं तर माझा इलाज न्हाई." सरपंचानं मागून माझी ओढणी ओढली. मी थांबले नाही. "दुसरा शब्द टाकला तर माझी चुलती येणार न्हाई. आणि ती न्हाई आली तर ह्या दगडाला काय अर्थ न्हाई." मग त्या पुलाची गोष्ट सांगितली. सुरुंग, तारा, दुपारी गेलेल्या गाड्या.

तो माझ्याकडं बघत होता, पण मध्येच त्याचं लक्ष दुसरीकडं गेलंय असं वाटलं. त्यानं विचारलं, "लोखंडी गर्डरचा हुता काय पूल?"

"लोखंडाचाच होता म्हणे."

"मग खाली बांधलेलं तोडायचं म्हंजे कठड्याबाहेर लटकावं लागतंय. अंधारात." तो खाली नदीकडं बघत म्हणाला. "आमी बेल्ट लावून उजेडी उतरतो तरी पाय कापत्यात."

सरपंचाला धीर आला. "मग शेट, चालंल न्हवं? न्हाईतर तुमचा बोर्ड पलीकडच्या तोंडाला नेऊ. शेजारी शेजारी नको."

"नको कशाला? ऱ्हाऊ द्या शेजारीच." कॉन्ट्रॅक्टरनं कागद घडी करून खिशात घातला. "मी हा पूल घेतला, मधी माझीच गाडी अडकली, गेलतो, आलतो. लोक बोलले त्ये बोलले. माझ्या बोर्डावर राखला लिवायला अजून वीस पावसाळे जाऊ द्यात. तवा मी नसलो तर माझा पोरगा लिवंल." मग गड्याला ओरडला, "आरं, त्यो सांधा सुटलाय बघ रंगाचा, डोळं फुटलं काय?"

परतताना सरपंच म्हणाला, "ताई, तुझ्या तोंडाला फाटकच न्हाई." पण खुशीत होता. गाडीवर बसून घरापर्यंत शीळ वाजवत आला.

मी गोठ्यात गेले, मोठ्या आईला नवा मजकूर सांगितला. ती म्हणाली, "राखला कुनाचा?"

"गुरुजींचा."

"बरा हाय." म्हशीपुढची वैरण सारखी करत म्हणाली, "म्हातारपनी का हुईना, शाळा शिकलं म्हनायचं." तेवढंच. येणार का विचारायची माझी हिंमत झाली नाही.

कार्यक्रमाच्या सकाळी ती आंघोळ करून, धुवट पांढरी-निळी साडी नेसून आमच्या आधी उंबऱ्यात उभी होती. "चला की. पावन्यास्नी वाट बघायला लावतायसा."

पुलाच्या तोंडाला मांडव, स्पीकर, लाल-पिवळ्या पताका. त्याच दिवशी पूल सगळ्यांना चालायला खुला होणार होता, म्हणून पलीकडच्या काठालाही गर्दी. गुरुजी बोलायला उठले. हात वर फेकायची सवय जाईना, अर्ध्यात आणून खाली घेतले. म्हणाले, "मी तुम्हाला बरीच वर्षं एक शब्द चुकीचा सांगितला. बरोबर शब्द दगडावर हाय." आणि बसले. ते गुरुजींचं आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण.

पडदा मोठ्या आईनं काढला. सरपंचानं तिच्या हातात दोरी दिली तेव्हा ती म्हणाली, "ह्ये वडायचं व्हय नुसतं?" आणि ओढली. काळा दगड, पांढरी अक्षरं. वर तात्यांचं नाव, खाली दोन लहान वाक्यं. ती चौथीपर्यंत शिकलेली, अक्षरांवर बोट ठेवून वाचते. वाचलं. कॉन्ट्रॅक्टर मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, तोही वाचत होता, जणू पहिल्यांदाच.

मग पूल खुला झाला. पलीकडून माणसं यायला लागली. पोरं पळत, बाया पदर सावरत, एकजण सायकल हातात धरून चालत, वर बसायचं विसरून. मोठी आई दगडाशेजारी खुर्चीवर बसून बघत होती. येणाऱ्या प्रत्येकाकडं बघत होती, नुसती बघत होती. जेवायला उठ म्हटलं तर हात हलवून मला गप्प केलं.

पलीकडच्या गावची एक म्हातारी नातवाचा हात धरून आली. दम लागला होता. दगडाला टेकली, कुणाचा ते कळेना म्हणून मोठ्या आईलाच विचारलं, "बाई, कुनाचा हो ह्यो दगड?"

"आमच्या मालकांचा."

"व्हय? नाव काय म्हनायचं?"

आमच्याकडं त्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव उच्चारत नाहीत. घ्यायचंच तर हळदीकुंकवाला, लाजत, उखाण्यात. आणि नवरा नसलेल्या बाईला तेवढंही कुणी म्हणत नाही. मोठी आई बँकेत पेन्शनला जाते तेव्हा साहेबानं नाव विचारलं तर पुस्तक पुढं सरकवते, घरात 'ह्ये' म्हणते, आम्हाला 'तुमचे तात्या' म्हणते. मी दगडावरचं वाचून सांगायला पुढं झाले.

तिनं मला हातानं अडवलं. खुर्चीतून उठली. आणि पलटणीत हजेरीला म्हणतात तसं, सावकाश, आधी त्यांचं, मग सासऱ्यांचं, मग आडनाव, सगळं पूर्ण नाव घेतलं.

म्हातारी म्हणाली, "चांगलं नाव हाय." आणि नातवाला घेऊन पुढं गेली.

ते नाव मी इथं लिहीत नाही. ते दगडावर आहे, पुलावरून जाल तेव्हा वाचा.